वेवजीतली आमची जागा

मुलगी सातवीत होती तेव्हा एका रविवारी जेवताना तिने सांगितलं की आपलं घर पाण्याखाली जाणार आहे.

माझ्या वडिलांनी वरणाची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "नोटीस आली का?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या भागात घर किंवा जमीन जाणार असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न नोटिशीचाच असतो. रेल्वेसाठी जाते, रस्त्यासाठी जाते, कधी कशासाठी गेली ते नंतर कळतं. कोण नेणार आणि कुठल्या गटनंबरातून नेणार एवढं समजलं की माणूस पुढचा घास घ्यायला मोकळा. मुलीने सांगितलं की समुद्र नेणार आहे. वडिलांनी थोडा विचार केला, "मग मोजणीला कोण येणार?" असं विचारलं आणि वाटी परत उचलली.

आम्ही घोलवडला राहतो. चिकूची वाडी आहे आणि तिला लागून कलमांची लहानशी नर्सरी. वाडीच्या पश्चिमेच्या कुंपणाशी उभं राहिलं की सुरूची झाडं दिसतात आणि सुरूच्या पलीकडे समुद्र. घरात माणसं चार. वडील, मी, बायको आणि मुलगी. बायको डहाणूला नोकरीला जाते. शिवाय एक कुत्रा. वाडीचं क्षेत्र मला गुंठ्यापर्यंत पाठ होतं, पण घर समुद्रापासून किती उंच आहे हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मुलीने ते फोनवर काढून दाखवलं. आकडा फार मोठा नव्हता.

हे सगळं एका पुस्तकातून आलं होतं. शाळेच्या वाचनालयातली जाडजूड इंग्रजी कादंबरी. मुखपृष्ठावर तोंडाला फडकं बांधलेली एक मुलगी होडीत उभी आणि तिच्या मागे पाण्यातून वर आलेले इमारतींचे शेवटचे मजले. मुलीने ते दोन दिवसांत संपवलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं, तेव्हा मीही वाचून पाहिलं. समुद्र वर चढलेला असतो. उन्हाने शेतं करपलेली असतात. पाणी कार्डावर मिळतं आणि कार्ड कुणाला द्यायचं ते उंचावर राहणारे लोक ठरवतात. तेरा वर्षांची नायिका धाकट्या भावाला शोधत निघते. पुस्तकातली मोठी माणसं दोनच प्रकारची होती, मेलेली किंवा मूर्ख. आमची गणना कशात, ते मुलीने सांगितलं नाही.

त्या पुस्तकात एक म्हातारा नायिकेला सांगतो की जगायचं असेल तर प्रत्येक कुटुंबाकडे तीन गोष्टी पाहिजेत. उंच जागा, गोडं पाणी आणि ज्याच्या दारात न विचारता जाता येईल असं एक माणूस. मुलीने या तीन गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या. त्याखाली चार जणांची नावं आणि प्रत्येकापुढे "पिशवी" असं लिहिलं.

मग सराव सुरू झाले. तिने शिट्टी वाजवली की आठ मिनिटांत आपापली पिशवी घेऊन फाटकाशी जमायचं. बायकोच्या पिशवीत फोनचा चार्जर आणि कपाटाच्या किल्ल्या निघाल्या. कपाट तर पाण्याखाली असणार, हे मुलीने तिच्या लक्षात आणून दिलं. बायको म्हणाली, "असू दे, किल्ल्या माझ्याकडे असल्या की मला बरं वाटतं." वडिलांच्या पिशवीत सातबाराचे उतारे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि अडकित्ता होता. ते दर वेळी पहिले पोहोचत. मी नर्सरीत गिऱ्हाइकाशी बोलत असल्यामुळे दोनदा आलो नाही आणि दोन्ही वेळा मला मृत धरण्यात आलं.

उंच जागेचा प्रश्न उरला होता. मुलीने नकाशा उघडला आणि आम्ही सगळे नातेवाईक एकेक करून त्यावर ठेवले. माझी बहीण सुरतेला, नदीच्या काठी. मेहुणा वसईत, खाडीजवळ. एक चुलतभाऊ मुंबईला, भराव टाकलेल्या जागेवर. आमचे झाडून सगळे नातेवाईक पाण्याच्या कडेला राहतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. महामार्गाच्या पलीकडे तलासरीचे डोंगर होते, पण तिथे आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. बराच वेळ नकाशाकडे बघून मुलगी म्हणाली, "मावशी वेवजीला राहते."

मावशी म्हणजे आमच्या वाडीत चिकू निवडायला येणाऱ्या बायकांतली सर्वांत जुनी बाई. वय पन्नासच्या आसपास. तिच्याआधी तिची आई आमच्याकडे येत असे. जाळी लावलेल्या बांबूने गडी चिकू उतरवतात, ते धुऊन शेडमध्ये पसरतात आणि मग या बायका लहान, मध्यम, मोठे असे वेगळे करून खोक्यांत भरतात. मावशी फळाकडे न बघता हातानेच ठरवत. वेवजी तलासरी तालुक्यात आहे, अगदी गुजरातच्या हद्दीला लागून. डोंगर नाही, पण मावशींचा पाडा एका उंचवट्यावर होता आणि आमच्या घरापेक्षा नक्की वर होता.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी दुपारी शेडमध्ये जाऊन बसायला लागली. बायका डबा खात आणि ती त्यांना पुस्तकाची गोष्ट सांगे. वाचायची इंग्रजीतून आणि सांगायची मराठीतून, त्यामुळे मध्ये मध्ये थांबावं लागे. तेवढ्यात मावशी प्रश्न विचारत.

"मग तिथे पाण्यासाठी रांग लागते," मुलगी सांगत होती. "बंदूक घेतलेले शिपाई उभे असतात."

"बंदूक कशाला?" मावशींनी विचारलं.

"मारामारी होऊ नये म्हणून."

"आमच्याकडं हंडा ठेवला की नंबर लागला. माणूस घरी गेला तरी हंडा उभा असतो. हंड्याशी कोण भांडणार?"

मुलीने पुस्तकात पाहिलं. पुस्तकात हंडे नव्हते.

दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीत नायिका दोन दिवस उपाशी रानातून चालत होती. मावशींनी हातातली भाकरी खाली ठेवली. "रानातून चालते आणि उपाशी? कंद नाही, भाजी नाही, काहीच नाही?"

"असेल. पण कुठली खायची ते तिला माहीत नाही."

"तेरा वर्षांची आहे ना? मग तेरा वर्षं तिला घरात शिकवलं काय?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो, तेच करत राहिलो.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी गोष्ट संपली. नायिकेला भाऊ सापडला, घर मात्र सापडलं नाही. बायका उठून कामाला लागल्या. मुलगी मावशींच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, समुद्र आला तर आम्ही तुझ्याकडे येऊ का?"

"कधी येणार आहे?"

"पन्नास वर्षांनी. नाहीतर थोडा आधी."

"माणसं किती?"

"चार. आणि कुत्रा."

मावशींनी दोन चिकू उचलून मोठ्यांत टाकले, एक लहानांत. "या," त्या म्हणाल्या. "कुत्रा बाहेर."

मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही.

मुलीने फ्रिजवरच्या कागदावर दोन गोष्टींपुढे बरोबरची खूण केली आणि विषय संपला, असं मला वाटलं. पण जानेवारीत एकदा मावशी वजनकाट्याजवळ माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"शेठ, तुमचे वडील जमिनीवर झोपतील का?"

"कुठे?"

"आमच्याकडं. खाट एकच आहे. ती तुमच्या बाईंना देईन म्हणते."

काय चाललंय ते समजायला मला थोडा वेळ लागला. मावशींच्या घरकुलाला जोडून कुडाची एक पडवी घालायचं काम काढलं होतं, मुलासाठी. आमचं ठरल्यावर त्यांनी ती पडवी चार हात जास्त लांब घ्यायला लावली होती. भिंतीच्या काठ्या बांधून झाल्या होत्या.

"अहो मावशी, ती पोर आहे," मी म्हणालो. "पुस्तक वाचून बोलत होती. तुम्ही कशाला एवढं मनावर घेतलं?"

मावशींनी माझ्याकडे, निवडता न येणाऱ्या फळाकडे बघावं तसं पाहिलं. "पोरीनं विचारलं, मी हो म्हटलं. तुम्हाला यायचं नसलं तर तुम्ही सांगा तिला. मी नाही सांगणार."

मी मुलीला काही सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. ती चहा गाळत होती. "आपण कधी गेलोय त्यांच्याकडे?" तिने विचारलं.

मी आठवून पाहिलं. मी एकदा दुबईला जाऊन आलो होतो. वेवजी आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. तिथून पलीकडे गुजरातेत पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून महिन्यातून तीनदा तरी त्याच रस्त्याने जात होतो. मावशींचा पाडा रस्त्यावरून दिसतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी कधी गाडी थांबवली नव्हती. त्यांच्या आईला धरून दोन पिढ्या त्या बायका आमच्या दारात येत होत्या आणि आमच्यातलं एकही माणूस तिकडे गेलेलं नव्हतं.

"जाऊन येऊ," बायको म्हणाली. "जागा बघितल्याशिवाय कुणी घेतं का?"

मार्चमध्ये एका रविवारी आम्ही पिकअपने निघालो. मुलीच्या सांगण्यावरून सगळ्यांनी पिशव्या घेतल्या. वडील यायला तयार नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले, गुडघा. मुलीने गुडघ्याला पट्टा बांधून दिला. मग त्यांच्याकडे दुसरं कारण उरलं नाही. वडील आयुष्यात कधी कामगारांच्या घरी पाणी प्यायले नव्हते. का, ते घरात कुणी विचारत नसे आणि विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी पिशवीत स्वतःची बाटली भरून घेतली होती. बायकोने ती पाहिली.

मावशींचं घर म्हणजे एक सिमेंटची खोली आणि तिला लागून नवी पडवी. पडवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली होती, वर पत्रे होते, जमीन नुकती सारवलेली. मावशींचे यजमान रविवार असल्यामुळे घरी होते. ते उंबरगावच्या एका कारखान्यात कामाला जात, मुलगाही तिथेच. यजमान कमी बोलणारे होते. त्यांनी आम्हाला पडवीच्या टोकाशी नेलं आणि हाताने दाखवलं, "ही तुमची."

जमिनीवर दोरीने आखून चार जागा केल्या होत्या. आमची मापं मावशींनी नजरेनेच घेतली होती. "तुमचे पाय कुडाला लागतात, शेठ," त्या म्हणाल्या. "म्हणून तुमची तिरपी धरली." मुलीने सगळ्यांना आपापल्या जागेवर झोपून बघायला सांगितलं. मी तिरपा झोपलो. पाय लागले नाहीत. बायको तिच्या जागेत मांडलेल्या खाटेवर बसली. वडील बराच वेळ उभे राहिले, मग गुडघ्याचा पट्टा सोडून हळूहळू खाली बसले आणि आडवे झाले. तिथे पूर्वेच्या दाराने वारा येत होता. पाच मिनिटांत ते घोरायला लागले.

ते दोन तास उठले नाहीत. आम्ही सगळे बाहेर अंगणात बसून हळू आवाजात बोलत होतो. मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी केली. मुलीने फोन काढून उंची मोजली आणि वहीत लिहिली. मग तिने पुस्तकातली आणखी एक शंका विचारली. "मावशी, हद्द बंद केली तर? पुस्तकात उंचावरचे लोक हद्द बंद करतात."

"इथली?" मावशी म्हणाल्या. "बंद केली तर साखर कुठून आणायची? आमचा दुकानदार तिकडचाच आहे."

तेवढ्यात वडील उठून दारात आले. डोळे अर्धे मिटलेले. घरी उठल्यावर मागतात तसंच त्यांनी पाणी मागितलं, समोर जो असेल त्याच्याकडे. समोर मावशी होत्या. त्यांनी तांब्या भरून दिला. वडिलांनी उभ्याउभ्या सगळा तांब्या संपवला, मिशा पुसल्या आणि मग ते पूर्ण जागे झाले. रिकाम्या तांब्याकडे त्यांनी बघितलं. "पाणी चांगलं आहे," ते म्हणाले.

"असणारच," मावशी म्हणाल्या. "तुमचंच आहे."

पाड्यावरची बोअरवेल फेब्रुवारीतच आटते, हे तेव्हा आम्हाला कळलं. एक विहीर आहे, तिला एप्रिलपर्यंत पाणी असतं, तेही गढूळ. म्हणून कामाला येणाऱ्या बायका संध्याकाळी आमच्या वाडीतल्या विहिरीवर कॅन भरून जीपमधून घरी नेतात. ते कॅन मी रोज पाहत होतो. त्यांतलं पाणी पुढे कुठे जातं आणि का जातं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कपडे धुवायला नेत असतील, असं काहीतरी मी धरून चाललो होतो.

"रोज?" मुलीने विचारलं.

"जून लागेपर्यंत."

मुलीने वही उघडली. फ्रिजवरचा कागद तिने तीत उतरवून घेतला होता. उंच जागेपुढे खूण होती, माणसापुढे खूण होती. गोड्या पाण्यापुढे काय लिहावं ते तिला सुचेना. पेन्सिल तिथेच धरून ती बसून राहिली.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "म्हणजे समुद्र आपल्या विहिरीत आला की त्यांचंही पाणी संपलं."

मी म्हणालो, "हो."

"आणि आपण तिथे पाणी मागायला जाणार होतो."

पुढे गतिरोधक होता, मी गाडी हळू केली.

त्या आठवड्यापासून मी पिकअपमध्ये दोन पिंपं ठेवायला लागलो. पेट्रोलला जाताना पाड्यावर उतरवायची आणि येताना रिकामी घ्यायची. मी काही थोर केलं असं वाटून घ्यायची सोय मावशींनी ठेवली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पिंपाचं झाकण उघडून आत नाक घातलं आणि विचारलं, "धुतलं होतं का?" धुतलं होतं, पण नीट नाही. ते पाणी शेळ्यांना गेलं. नंतर मुलगी स्वतः पिंपं घासायला लागली. सराव मात्र बंद झाले.

जूनच्या सुरुवातीला वादळाचा इशारा आला. आदल्या दिवशी बायको डहाणूहून आली आणि म्हणाली, "आगरला मच्छीमारांनी होड्या पार वर ओढल्यात. एकाने तर घराच्या खांबाला बांधलीय." आगरचे लोक उगाच होड्या ओढत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली. किनाऱ्याजवळच्या लोकांनी शाळेत किंवा नातेवाइकांकडे जावं, असं ती सांगत होती.

मला वाटलं होतं, मुलगी आता शिट्टी वाजवील. इतक्या महिन्यांची तयारी होती. ती शिट्टी मुठीत धरून पायरीवर बसली होती आणि सुरूच्या झाडांकडे बघत होती. झाडं सगळी एकाच दिशेला वाकली होती.

"वाजव," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "नको."

बायकोने दार ओढून कुलूप लावलं, किल्ल्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाली, "चला." वडील फाटकाशी उभेच होते.

दहाच्या सुमारास आम्ही वेवजीला पोहोचलो. मावशी अंगणातली लाकडं आत घेत होत्या. आम्हाला पाहून त्या थांबल्या.

"एवढ्या लवकर?" त्या म्हणाल्या. "पोरगी तर पन्नास वर्षं म्हणाली होती."

मग त्यांनी बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्हाला आत घेतलं. कुत्राही आत आला. त्याला कुणी अडवलं नाही.

दुपारी वाऱ्याचा जोर वाढला. आमच्या टोकाकडचे पत्रे आधी खडखडले, मग उचलायला लागले. पडवी चार हात लांब केल्यामुळे तो भाग घराच्या आडोशाबाहेर आला होता. यजमान आणि मी दोरी घेऊन बाहेर पडलो. ते पुढे, मी मागे. त्यांनी पत्र्यांवरून दोरी टाकली, मी पलीकडून ओढली आणि दोघांनी मिळून ती आंब्याच्या बुंध्याला बांधली. पावसाने डोळे उघडत नव्हते. एक पत्रा आमच्या डोळ्यांदेखत सुटला आणि कागदासारखा गेला. तो पुढे कधी सापडला नाही. तो गुजरातेत पडला, असं यजमानांचं मत आहे.

आम्ही सगळे सिमेंटच्या खोलीत आलो. आमचे चार, त्यांचे तीन, कुत्रा आणि दोन शेळ्या. दार लावलं तरी ते कुणीतरी बाहेरून ढकलतंय असं वाटत होतं. मुलगी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मावशी, भिंत पडेल का?"

"नाही पडणार."

"कशावरून?"

"पडली असती तर आतापर्यंत पडली असती. हे धर." मावशींनी तिच्यापुढे लसणाचे गड्डे ठेवले. "सोल. संध्याकाळी माणसं जेवणार ना?"

मुलगी लसूण सोलायला लागली. पहिल्या पाचसहा पाकळ्या सोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते लसणामुळे नव्हतं. "पुस्तक वाचताना असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "पुस्तक वाचताना मला मज्जा आली होती."

"मला पण," मावशी म्हणाल्या. "बारीक नको करू. अख्ख्या ठेव."

वडील शेळ्यांना टेकून बसले होते. त्यांनी पिशवीतून अडकित्ता आणि एक सुपारी काढली, कातरली आणि अर्धी यजमानांपुढे धरली. यजमानांनी घेतली. माझ्या माहितीप्रमाणे ते दोघं त्या दिवशी एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत, पण सुपारी तीन वेळा झाली.

पाचच्या सुमाराला वारा पडला. वादळ दुसरीकडे वळलं होतं, आमच्याकडे आली ती त्याची कड होती, हे फोनला रेंज आल्यावर कळलं. रात्र आम्ही तिथेच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर घर जसंच्या तसं होतं. समुद्र सुरूच्या अलीकडे आलाच नव्हता. वाडीतली सात झाडं मुळांसकट आडवी झाली होती, त्यांतली दोन वडिलांनी स्वतः लावलेली. ते त्या झाडांजवळ थोडा वेळ उभे राहिले, एका फांदीवरचे कच्चे चिकू तोडून खिशात घातले आणि घरात गेले.

एकूण पाहता, समुद्राने आमचं काहीही नेलं नाही. वाऱ्याने मावशींचा पत्रा नेला आणि तो आमच्यासाठी वाढवलेल्या भागातला होता. पुढच्या रविवारी मी नवे पत्रे घेऊन गेलो. यजमानांनी मला शिडीवर चढू दिलं नाही. म्हणाले, "तुम्ही खालून द्या." तेवढं मला जमलं.

आठवीत मुलीच्या शाळेने वार्षिक अंकासाठी भविष्यकाळावर कथा मागवल्या. तिने लिहिली, मराठीतून. पाणी वर चढतं, वारा सुटतो आणि एका खोलीत सात माणसं आणि काही जनावरं बसतात. रांगेत हंडे उभे असतात, शिपाई नसतात. एक मुलगी लसूण सोलते. शेवटी सगळे जेवतात. लिहिलेले कागद तिने शेडमध्ये नेऊन मावशींना वाचून दाखवले. मावशींनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक म्हणजे शेळी दारापाशी बांधायची, आत नाही. दुसरी म्हणजे जेवणात मीठ कुणी आणलं ते लिहिलेलं नाही. मुलीने दोन्ही दुरुस्त्या केल्या.

कथा छापून आली नाही. शाळेतल्या बाईंनी कागदाच्या कडेला लाल पेनने शेरा दिला होता, "भाषा चांगली. भविष्यकाळ जाणवत नाही." मुलीने तो शेरा मला दाखवला. तिला वाईट वाटलं होतं, पण फार नाही. तोवर ती खुनाच्या गोष्टी वाचायला लागली होती आणि घरातल्या प्रत्येकावर संशय घेत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मावशींच्या मुलाचं लग्न झालं. बोलावणं करायला मावशी आणि यजमान दोघं आले. या वेळी मागच्या बाजूने, शेडकडून नाही, तर पुढच्या दाराने. बायकोने त्यांना खुर्च्या दिल्या. यजमान खुर्चीच्या कडेवर बसले. मावशी नीट टेकून बसल्या आणि त्यांनी आमचं घर आतून पाहिलं. मला वाटतं, तेही पहिल्यांदाच.

लग्नाला आम्ही चौघं गेलो. मंडपात तारपा वाजत होता. नाचणाऱ्या बायकांनी माझ्या बायकोला हात धरून ओढलं आणि ती लगेच गेली. मुलगी वाढायला लागली होती, भाताचं पातेलं घेऊन पंगतीतून फिरत होती. वडील यजमानांच्या भावकीतल्या म्हाताऱ्यांबरोबर बसले होते. कोलम भात जास्त चांगला का आपल्याकडचा जुना लाल भात, असा वाद चालला होता आणि वडील मोठ्याने बोलत होते.

तीन वाजता मी गाडी सावलीतून बाहेर काढली आणि वडिलांना हाक मारली. ते म्हणाले, "येतो." मी इंजिन बंद केलं. पंगत उठली, दुसरी बसली. वडील तिच्यातही बसले.